आजोबांचं फडताळ

जबलपूरच्या गोलबाजाराजवळच्या आमच्या कवेलूच्या घरात, माजघराच्या भिंतीत एक फडताळ होतं. दुपारचा चहा झाला की आजोबा ते उघडत आणि जुन्या कागदांचा, डांबराच्या गोळ्यांचा वास घरभर पसरे. खालच्या कप्प्यात बोरू, दौत आणि रुमालात बांधलेली मोडी पत्रं. वरच्या कप्प्यात पुस्तकं. त्यातली दोन आजोबा कधी वेगळी होऊ देत नसत: मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ आणि कामताप्रसाद गुरूंचं ‘हिंदी व्याकरण’.

गुरू आमच्या जबलपूरचे. त्यांचं व्याकरण १९२० साली काशीच्या नागरी प्रचारिणी सभेने काढलं आणि हिंदीत आजही ते प्रमाण मानतात. ते रचताना त्यांच्यापुढे दामल्यांचा १९११ सालचा ग्रंथ होता. आणि दामले कोण, तर केशवसुतांचे धाकटे भाऊ! शाळेत हिंदीच्या तासाला मुलं माझ्या उच्चारांना हसत. त्या दिवशी घरी येऊन मी रडलो की आजोबा ती दोन पुस्तकं मांडीवर घेऊन बसत आणि हीच गोष्ट पुन्हा सांगत.

रविवारी आम्ही भेडाघाटला जायचो. वाटेत तेवर लागतं. लोक आजही तिथे न थांबता संगमरवरी कडे बघायला पुढे जातात. आजोबा मात्र थांबत. हे तेवर म्हणजे कलचुरींची राजधानी त्रिपुरी. हजार-अकराशे वर्षांपूर्वी इथल्या दरबारात कवी राजशेखर होता. त्याच्या पणजोबांना, अकालजलदांना, ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हणत. म्हणजे महाराष्ट्राशी नातं सांगणारी घरं इथे तेव्हापासून! त्याची बायको अवंतिसुंदरी स्वतः विदुषी होती. ‘कर्पूरमंजरी’ हे त्याचं अख्खं प्राकृतातलं नाटक तिच्या इच्छेवरून रंगमंचावर आलं आणि ‘काव्यमीमांसे’त त्याने तिची मतं तिचं नाव घेऊन दिली आहेत. नवऱ्याच्या शास्त्रग्रंथात बायकोचं मत प्रमाण म्हणून यावं, याचं मला लहानपणापेक्षा आज जास्त अप्रूप वाटतं.

त्याच ग्रंथात कवीने दिवस कसा घालवावा हे प्रहराप्रहराने सांगितलंय: सकाळी अभ्यास, मग रचना, जेवणानंतर काव्यगोष्टी, चौथ्या प्रहरी सकाळच्या लिखाणाची तपासणी. जवळ काय असावं तेही सांगितलंय. फळा आणि खडू ठेवलेली पेटी, लेखणी, शाईचं भांडं, ताडपत्रं किंवा भूर्जपत्रं, ताडपत्रांसाठी लोखंडी काटे, आणि स्वच्छ सारवलेल्या भिंती. भिंती का, तर सुचलेलं निसटू नये म्हणून, असं आजोबा सांगत. मग मीही कोळशाने स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिही आणि आई ओरडली की राजशेखराचं नाव पुढे करी.

पण आता सारखी आठवते ती त्याची दुसरी यादी. ग्रंथ कशाने नष्ट होतात? कुणाकडे ठेवायला दिल्याने, विकल्याने, दान केल्याने, कर्त्याने देश सोडल्याने, तो अल्पायुषी ठरल्याने, फाटल्या-तुटल्याने, आगीने, पाण्याने. म्हणून तो बजावतो की ग्रंथ पुरा झाला की त्याच्या अनेक प्रती कराव्यात. त्याच्या स्वतःच्या ‘काव्यमीमांसे’ची योजना अठरा अधिकरणांची होती. आज हाती आहे फक्त पहिलं. तेही १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत पहिला ग्रंथ म्हणून छापलं गेलं, म्हणून आपल्यापर्यंत पोचलं.

आमच्या फडताळाचं काय झालं ते या यादीवर ताडून बघितलं. एका पावसाळ्यात कवेलू सरकले आणि रुमाल भिजले. दामल्यांचं व्याकरण एक पाहुणे ‘वाचून पाठवतो’ म्हणून घेऊन गेले. चुलतभावंडं पुण्याला, बंगळूरला गेली. २२ मे १९९७ च्या पहाटे भूकंप झाला, माजघराची भिंत तडकली आणि पुढे घरच उतरवावं लागलं. तेव्हाच्या धावपळीत कितीतरी पुस्तकं आम्ही किलोवर रद्दीत दिली. ते आमच्या हातून झालं, याची मला आजही लाज वाटते.

आता त्या जागी तीन मजली इमारत आहे. नातीच्या फोनमध्ये ‘काव्यमीमांसा’ आहे, दामले आहेत, गुरूही आहेत. हे फार चांगलं झालं, राजशेखराने सांगितलेल्या अनेक प्रती आता सहज होतात. पण वाचलेला एक रुमाल परवा तिच्यापुढे सोडला, तेव्हा वरच्या ‘श्री’पलीकडे आम्हा दोघांनाही काही लागेना. आजोबा ती पत्रं वर्तमानपत्रासारखी भराभर वाचत. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कुठेतरी सापडते. पणजोबांनी कुणाला काय लिहिलं, याची प्रत या रुमालापलीकडे जगात कुठेही नाही.

तुमच्याही घरात माळ्यावर, ट्रंकेत असे रुमाल असतील. दमटपणा लागण्याआधी ते उघडा, पानापानाचा फोटो काढा आणि तो दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा. मोडी वाचणारी माणसं पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आजही भेटतात. तोवर मूळ कागद रद्दीत मात्र देऊ नका.