होळीची सोंगं, ती 'टोळी' आणि रेडियमची पट्टी

काल रात्री साडेनऊ ते अकरा या दीड तासात एकच मेसेज मला चौदा जणांनी पाठवला. 'सावधान! मुलं पळवणारी टोळी तालुक्यात आली आहे. साधू, बहुरूपी, भिकारी अशा वेशात फिरतात. होळीला पोरांना दारोदार सोडू नका.' खाली एका पोराचा फोटो. हा फोटो मी आधीही बघितलाय, तेव्हा तो दुसऱ्याच राज्यातला म्हणून फिरत होता.

सकाळी पोलीस ठाण्यात विचारून घेतलं. अशी एकही तक्रार नाही. तेव्हा तो मेसेज पुढं पाठवू नका. एवढं लिहून थांबलो असतो, पण होळी चार दिवसांवर आलीय आणि दोन गोष्टी माझ्याच घरातल्या आहेत. त्या सांगतो.

पहिली 2018 ची. त्या वर्षी जूनमध्ये असाच मेसेज आला आणि मी, पत्रकारितेचा डिप्लोमा घेतलेल्या माणसानं, तो तीन ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'खात्री नाही, पण काळजी घ्या.' दोन दिवसांनी गावात पोलिसाचं सोंग घेऊन आलेल्या एका बहुरूप्याला पोरांनी अडवलं. आधार कार्ड मागितलं, कॉलर धरली. एक म्हातारी मधी पडली, म्हणाली, "आरं ह्याचा बाप बी माझ्या दारात येत हुता." म्हणून सुटला. गर्दीतल्या एकानं मोबाईलवर मेसेज दाखवला, तो मीच टाकलेला होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, 1 जुलैला, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. मंगळवेढ्याकडचे होते, भिक्षा मागत फिरत होते. मुलं पळवणारे असल्याचा संशय, एवढंच कारण. 2022 च्या सप्टेंबरात जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना याच संशयावरून मार बसला. आमच्या म्हातारीसारखं कुणी तिथं ओळखीचं नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या पोराची. पण आधी होळीबद्दल.

पुण्यात माझी बहीण राहते. तिच्या सोसायटीत ऑक्टोबरच्या शेवटी हॅलोविन करतात. पोरं भुताचे कपडे घालून दारोदार चॉकलेटं मागतात. ती मला फोनवर समजावून सांगत होती, 'दिलं तर ठीक, नाही दिलं तर खोडी काढायची.' मी म्हटलं, अगं ताई, आपण गोवऱ्या मागत हिंडायचो ते काय होतं? दिल्या तर दिल्या, नाही तर रात्री उकिरड्यावरच्या चोरायच्या आणि वर त्या घरापुढं बोंब मारायची. विदर्भात तान्ह्या पोळ्याला पोरं सोंगं घेऊन लाकडी बैल घरोघर नेतात आणि बोजारा घेतात. कोकणात शिमग्याला संकासुर काळे कपडे आणि उंच टोपी घालून दारात नाचतो, त्याला शबय देतात. आपल्याला ह्यात नवीन काही नाही. आणि ते बंद पडावं असं मला अजिबात वाटत नाही.

तर माझा पोरगा. तेव्हा आठ वर्षांचा. सोंग मीच केलं होतं, काळी चादर, वर बाजारातला राक्षसाचा प्लॅस्टिकचा मुखवटा. डोळ्यांना दोन बारकी भोकं. पौर्णिमा होती, पण चंद्र अजून घरांच्या मागंच होता. ऊसाच्या दोन ट्रॉल्या उभ्या होत्या, त्यांच्या मधून हा डबडं वाजवत रस्त्यावर आला. मोटारसायकलवाल्याला दिसला तो अगदी समोर. त्यानं गाडी आडवी घातली. गुडघा फुटला त्याचा, पोराला चादरीचा हिसका बसला, बाकी काही नाही. तो माणूस उठला आणि मलाच म्हणाला, "साहेब, काळं कापड अंधारात दिसतंय व्हय?" मी त्या दिवशी सकाळपासून पोराला बजावत होतो, अनोळखी माणसाकडून काही घेऊ नको. रस्त्याचं एक अक्षर बोललो नव्हतो.

अमेरिकेतही लोक असंच चुकतात. तिथं पिढ्यानपिढ्या आईबाप भितात की कुणीतरी चॉकलेटात विष घालील. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1958 पासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसानं असं विष वाटून मूल मारल्याची एकही खात्रीची घटना त्याला सापडली नाही. 1974 ला टेक्सासमध्ये एक पोरगा गोळीतल्या सायनाइडनं गेला खरा, पण ते घालणारा त्याचा बाप निघाला. विम्याच्या पैशासाठी. आणि गाड्यांचं बघा. 1975 ते 2016 अशा 42 वर्षांच्या नोंदी तपासल्या, तर हॅलोविनच्या संध्याकाळी पायी चालणाऱ्यांचे मृत्यू आसपासच्या संध्याकाळींपेक्षा 43 टक्क्यांनी जास्त निघाले. चार ते आठ वर्षांच्या पोरांना धोका साधारण दहापट.

आपल्याकडं त्यात होळीचा जाळ. बाजारात शिवजयंतीपासून उरलेले चकचकीत पोशाख टांगलेत. चांगले दिसतात, पण बहुतेक नायलॉन-पॉलिस्टरचे. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. आजीचं सुती लुगडं त्यापेक्षा कितीतरी बरं, फक्त घोट्याच्या वर खोचा, पायात अडकतं. कापसाची दाढी लावलेलं पोर जाळापासून लांब ठेवा. कपड्यानं पेट घेतलाच तर पळू देऊ नका, जमिनीवर लोळवा, मग भाजल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. चिकटलेलं कापड ओढायचं नाही, टूथपेस्ट लावायची नाही, थेट दवाखाना.

मुखवट्याऐवजी तोंड रंगवा. कुंकू, काजळ, पिठी पुरते. रंग विकतचा असेल तर आदल्या दिवशी हाताला थोडा लावून बघा. धुळवडीला काही शहाणे चंदेरी ऑइलपेंट फासतात, त्यांना माझ्या नावानं चार शिव्या घाला.

बारक्यांबरोबर एक मोठं माणूस असू द्या, हातात बॅटरी. पोरगं खरंच हरवलं, कुणावर खरंच संशय आला, तर 112 किंवा मुलांसाठीचा 1098. ग्रुपवर नाही. माणसाला कोंडाळं करून जाब विचारायचा नाही, तो कुणीही असो.

आणि ट्रॉलीवाल्यांनो, रात्री गावातून जाता, मागं रेडियम नसतं, एक दिवा बंद असतो. दरवर्षी लिहितो, दरवर्षी तुम्ही हसता.

रेडियमवरून आठवलं. नंबरप्लेट करणाऱ्याकडं लाल-पांढरी पट्टी मिळते. त्या मोटारसायकलवाल्याच्या प्रसंगापासून मी दर होळीला पोराच्या पाठीवर आणि डबड्यावर एकेक वीत लावतो. तो आता मोठा झालाय, लाजतो, तरी लावून घेतो. काल एक आख्खा रोल आणलाय, एका पोराला किती लागणार? होळीच्या दिवशी चार ते सहा मी वेशीजवळ बसतो. सोंग घेऊन या, पट्टी लावून जा.