पद्मपाणीपुढे वही उघडताना

वाचकहो, अजिंठ्यास जाण्याचा योग आला तर सोबत वही आणि पेन्सिल अवश्य न्यावी. वाघोरा नदीच्या वळणावर, उभ्या कातळात कोरलेली तिसेक लेणी पाहून प्रवासी सायंकाळी परततात. चित्रकलेच्या अभ्यासकाने मात्र पहिल्याच लेण्यात थांबावे. गाभाऱ्याच्या डाव्या बाजूस निळे कमळ धारण केलेला पद्मपाणी उभा आहे. मान किंचित कललेली, दृष्टी खाली झुकलेली. एवढ्या रत्नजडित मुकुटाखाली एवढी करुणा!

येथे बसून नकला करण्याची प्रथा जुनी आहे. ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या अनेक प्रती १८८५ मध्ये लंडनच्या आगीत जळाल्या. शिवाय चित्रे उजळ दिसावीत म्हणून भिंतींवर फासलेले व्हार्निश पुढे पिवळे पडले. नकलेच्या हव्यासाने मुळालाच इजा व्हावी, हे दुर्दैवच! १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या कामात नंदलाल बोस आणि असितकुमार हलदार हे तरुण सहभागी झाले. नंदलालांच्या पुढील चित्रांतील रेषेत अजिंठा स्पष्ट दिसतो.

लेण्यात प्रकाश मंद असतो आणि फ्लॅश वापरण्यास मनाई आहे. म्हणून तेथे केवळ रेखाटन व टिपणे करावीत. रंगकाम घरी, चांगल्या छापील प्रतीवरून करावे.

येथेच खरी कसोटी लागते. जुन्या चित्रकाराने भाताचा तूस घातलेल्या मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ लेप दिला आणि तो वाळल्यावर दाट रंग भरले. नाक, ओठ व हनुवटी यांचा उठाव त्याने वरून पांढरा रंग देऊन साधला. जलरंग पारदर्शक, त्यात हा क्रम उलटा होतो. जेथे त्याने शेवटी पांढरा लावला, तेथे तुम्ही आरंभापासूनच कागद कोरा राखला पाहिजे. म्हणजे पहिला थर देण्यापूर्वीच चित्रातील प्रकाश पुरता उमगलेला हवा!

जाड कागद भिजवून फळीवर ताणावा. गेरूने फिकट रेषा काढून, पिवळ्या मातीचा अगदी पातळ थर सर्वांगावर द्यावा. तो पूर्ण वाळल्यावर गेरूचा दुसरा थर कडांकडून आत नेत विरवावा. घाई केल्यास खालचा रंग उचलला जाऊन डाग पडतो. काळ्या रंगाने सावली करण्याचा मोह टाळावा. मूळ चित्रात अंगाची गोलाई तांबूस छटांनीच आलेली आहे.

भुवया सर्वांत शेवटी. ती रेषा कोपरापासून हात फिरवून एका दमात ओढावी. मनगट टेकले की मध्येच मोडते. आधी रद्दी कागदावर पंचवीस-तीस वेळा ओढून पाहावी.