आई, बाबा आणि कोपऱ्यावरचा पब

पब म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? कानठळ्या बसवणारं म्युझिक, दारातला बाउन्सर, 'ओन्ली कपल्स'ची पाटी आणि शेवटी अंधारात बिल वाचायची कसरत! नोकरीसाठी लंडनला आले तेव्हा माझ्याही डोक्यात हेच चित्र होतं. पण इथे पब म्हणजे 'पब्लिक हाऊस'. आपल्याकडचा चौकातला कट्टा, इराण्याचं हॉटेल आणि सोसायटीचं गणपती मंडळ या तिघांची मोट बांधली तर जे काही तयार होईल ना, ते साधारण इथल्या गल्लीतल्या पबसारखं असेल. फक्त चहाच्या जागी बियर. आणि तो गॅस्ट्रोपब असेल, तर सोबत सॉलिड जेवण.

हे गॅस्ट्रोपब प्रकरण तसं अलीकडचं. पूर्वी पबमध्ये खायला मिळायचं ते वेफर्स, शेंगदाणे आणि फार तर व्हिनेगरमधलं अंडं. १९८९ मध्ये सरकारने मोठ्या बियर कंपन्यांना दणका दिला. दोन हजारांपेक्षा जास्त पब आहेत ना, मग वरच्यांतले निम्मे मोकळे करा! बरेच पब बाजारात आले. १९९१ मध्ये मायकेल बेल्बेन आणि डेव्हिड आयर या दोघांनी फॅरिंग्डन रोडवरचा 'द ईगल' घेतला. बारच्या मागेच उघडं किचन, फळ्यावर खडूने लिहिलेला मेनू, एकमेकांशी न जुळणाऱ्या खुर्च्या, टेबलक्लॉथचं नाव नाही, आणि जेवण मात्र रेस्टॉरंटच्या तोडीचं. बस्स, मग सगळ्या लंडनभर लोण पसरलं. इतकं, की २०११ मध्ये 'गुड फूड गाइड'ने कंटाळून 'गॅस्ट्रोपब' हा शब्द वापरणंच सोडून दिलं. शब्दाचं काय व्हायचं ते होवो, जेवण राहिलं हे महत्त्वाचं!

मी वॉल्थमस्टोला राहते. व्हिक्टोरिया लाइनचं शेवटचं स्टेशन, त्यामुळे सकाळी बसायला जागा मिळते. डोंबिवलीकराला यापेक्षा मोठं सुख कोणतं? माझ्या घरापासून चार दारं सोडून कोपऱ्यावर आमचा पब. 'आमचा' म्हणायला मला वर्ष लागलं. सुरुवातीला एकटीने आत शिरायचीच धास्ती. बारपाशी रांग नसते, सगळे नुसते टेकून उभे असतात, पण कोणाचा नंबर कधी हे प्रत्येकाला बरोब्बर ठाऊक असतं. वडापावच्या गाडीवर असतं तसंच! पुढे गुरुवारच्या क्विझमध्ये एका टीमला चौथा माणूस हवा होता. एक रिटायर्ड बस ड्रायव्हर, एक शाळामास्तरीण, एक दाढीवाला सुतार आणि मी. क्रिकेट आणि राजधान्या माझ्याकडे. हे मी घरी फोनवर सांगितलं, पण जागेचं नाव 'क्लब' असं सांगितलं. डोंबिवलीत आमच्याकडे दारू म्हणजे गटारीला पलीकडच्या बिल्डिंगमधले काका, एवढाच परिचय. उगाच बीपी कशाला वाढवा!

गेल्या वर्षी आई-बाबा दोन महिन्यांसाठी आले. पहिले आठ दिवस मजेत गेले, राजवाडा वगैरे. मग आईची चौकशी सुरू झाली. शेजारी कोण राहतं? त्यांचं नाव काय? तुझ्याकडे त्यांची किल्ली असते का? मला पहिल्याच प्रश्नाला उत्तर येत नव्हतं. एका रात्री भांडी विसळताना ती म्हणाली, "पगार-बिगार सगळं ठीक आहे गं. पण इथे तुझं आहे कोण?" बाबांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणजे दोघांचं आधीच बोलणं झालं होतं. 'परत ये' हे वाक्य अजून आलं नव्हतं, पण प्लॅटफॉर्मवर उभं होतं.

त्याच महिन्यात बाबांची सत्तरी होती. मी ठरवलं, वाढदिवस कोपऱ्यावर करायचा. रविवारी, दुपारी, संडे रोस्टला.

"दारूच्या गुत्त्यात सत्तरी?" इति आई.

पण दारातच तिचा निम्मा विरोध मावळला. लहान मुलं रंगीत खडूंनी चित्रं काढत होती, एक आजी कुत्र्याला पायाशी घेऊन वाइन पीत होत्या, आणि धुराचा मागमूस नाही (इंग्लंडमध्ये १ जुलै २००७ पासून पबच्या आत सिगारेट बंद आहे). "हे तर आपल्या जिमखान्याच्या कँटीनसारखं आहे," बाबा म्हणाले. लँडलेडीने, म्हणजे पबच्या मालकिणीने, आल्या आल्या मला "हॅलो माय लव्ह" म्हटलं. आई माझ्या कानाशी, "ती तुला लव्ह का म्हणते?" अगं, ती पोस्टमनलाही म्हणते!

आता संडे रोस्ट हा तसा मांसाहाऱ्यांचा सण. बटाटेसुद्धा बऱ्याचदा बदकाच्या किंवा गाईच्या चरबीत भाजतात. आई पक्की शाकाहारी, अंडंही नाही. मी टेबल बुक करतानाच हे सांगून ठेवलं होतं. शेफने तिचे बटाटे वेगळ्या ट्रेमध्ये तेलात भाजले, सोबत नट रोस्ट, म्हणजे सुकामेवा आणि भाज्यांची जाडजूड वडी, गाजरं, पार्सनिप आणि कांद्याची ग्रेव्ही. वरून कुरकुरीत आणि आत लोण्यासारखा बटाटा तिने पहिला खाल्ला आणि काही बोलली नाही. दुसरा खाल्ला. मग म्हणाली, "आधी उकडून घेत असणार."

बाबा बाहेर सगळं खातात. त्यांनी चिकन रोस्ट घेतलं आणि अप्प्यासारखं फुगलेलं यॉर्कशायर पुडिंग पाहून गोड समजून बाजूला ठेवलं. समजावल्यावर दोन खाल्ली. शिवाय अर्धा पाइंट एलही मागवली! मी सांगून बसले की पिंपातली एल नितळ करायला परंपरेने माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला पदार्थ घालतात. "म्हणजे बियरपण मांसाहारी?" आईने लेमोनेड जवळ ओढून घेतलं.

मग तिने पर्समधून कुंकवाचा करंडा काढला. औक्षण! मी टेबलाखाली जागा शोधत होते. लँडलेडीने काय हवं ते विचारलं आणि किचनमधून रिझोट्टोचा जाड तांदूळ आणला. त्याच्या अक्षता. सुपारीच्या जागी नट रोस्टमधलं एक हेझलनट. निरांजन म्हणून टेबलावरची टी-लाइट. अंगठी आईची स्वतःची. बाबा ताठ बसले होते, बँकेत प्रमोशनच्या दिवशी बसले असतील तसे. शेजारच्या टेबलांनी हॅपी बर्थडे सुरू केलं, कुत्रा भुंकला.

गोड म्हणून अॅपल क्रम्बल आलं. इथलं कस्टर्ड अंड्याचं, शेफला त्याचा अभिमान. मग लँडलेडी वर तिच्या घरात जाऊन कस्टर्ड पावडरचा डबा घेऊन आली. ही पावडर आल्फ्रेड बर्ड नावाच्या बर्मिंगहॅमच्या माणसाने १८३७ मध्ये काढली, बायकोला अंडं चालत नव्हतं म्हणून. "चांगला नवरा होता," आई म्हणाली आणि उगाच बाबांकडे पाहिलं.

गर्दी ओसरल्यावर लँडलेडी आमच्यापाशी येऊन बसली. बोलता बोलता म्हणाली, "फेब्रुवारीत ही क्विझला आली नाही तेव्हाच मला वाटलं, काहीतरी गडबड आहे." त्या आठवड्यात मी तापाने फणफणले होते. शनिवारी बेल वाजली आणि दारात बारमधला मुलगा सूपचा डबा घेऊन उभा. "तू नव्हतीस, आपण शेवटचे आलो," एवढं बोलून गेला. पुढचे तीन दिवस डबा येत राहिला. घरी मी यातलं काही कळवलं नव्हतं. सात हजार किलोमीटरवर बसून त्यांनी नुसती काळजीच केली असती.

मी भाषांतर केलं. थोडं गाळून केलं, पण आईला इंग्रजी माझ्या समजुतीपेक्षा जास्त कळतं. ती गप्प झाली. क्रम्बलची वाटी खरवडून संपवली. मग उठून एकटीच बारपाशी गेली, टेकून उभी राहिली, आणि नंबर आल्यावर लँडलेडीकडून पेन मागून घेतलं. बिलाच्या पाठीवर स्वतःचं नाव आणि डोंबिवलीचा मोबाइल नंबर लिहिला, ९१ सकट.

"ही आठ दिवस दिसली नाही, तर मला फोन करायचा," तिने सांगितलं. मराठीतच.

कागद बारमागे चिकटवलेला आहे, बियरवाल्याच्या आणि प्लंबरच्या नंबरांच्या मधोमध.