शेवटच्या डब्यातली माणसे

डिंगोऱ्याला रेल्वे नाही. सबंध जुन्नर तालुक्यातच नाही. पुणे-नाशिक रेल्वेची चर्चा आमच्या कानांवर इतकी वर्षे पडत आली आहे की, आता ती निघाली तरी कोणी मान वर करून पाहत नाही. रूळ पाहायचे तर कल्याण-नगर रस्त्यावर एस.टी.ला हात करायचा, माळशेज घाट उतरायचा आणि कल्याण गाठायचे. आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांची आगगाडीशी ओळख झाली ती अशीच, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला जाताना. एका हातात भाकरीचे गाठोडे, दुसऱ्या हातात पोराचे मनगट, आणि लोकलच्या दुसऱ्या वर्गात दोन पाय टेकायला मिळाले की दादरपर्यंत त्यावरच समाधान. पहिल्या वर्गाचा डबा आम्ही फलाटावरूनच पाहिलेला.

अशा गावातल्या विहारात गेल्या वर्षावासात आगगाडीचाच एक चित्रपट दाखविला गेला, आणि त्यावरून दोन रात्री बोलणे झाले. ते बोलणे शेवटी आमच्याच अंगावर आले, म्हणून हा लेख.

चित्रपटाचे नाव ‘स्नोपिअर्सर’. बर्फ फोडीत जाणारी गाडी, असा त्याचा अर्थ. दक्षिण कोरियाचे दिग्दर्शक बाँग जून-हो यांनी तो २०१३ साली काढला. पुढे २०२० साली ज्यांच्या ‘पॅरासाइट’ला ऑस्कर मिळाले, तेच हे गृहस्थ. मूळ गोष्ट १९८२ सालच्या एका फ्रेंच चित्रकथेतली. आमचा पुतण्या पुण्यात नोकरीला आहे. कोणाकडून तरी मागून आणलेला प्रोजेक्टर घेऊन तो रविवारी संध्याकाळी आला. ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’चे वाचन आणि वंदना आटोपल्यावर भिंतीवर पांढरी चादर बांधली गेली. चित्रपट इंग्रजी, मधूनच कोरियन. पुतण्या दर पाच मिनिटांनी तो थांबवी आणि मराठीत सांगे, त्यामुळे दोन तासांचा चित्रपट रात्री बारापर्यंत चालला. बाहेर पाऊस होताच.

विहारात असे रक्तबंबाळ चित्र दाखवावे काय, असा प्रश्न काही उपासिकांनी दुसऱ्या दिवशी विचारला. प्रश्न रास्त आहे. कुऱ्हाडींची मारामारी सुरू झाली तेव्हा लहान मुलांना आम्ही घरी पाठविले, पण ते आधीच करायला हवे होते. परवानगी आमची होती, तेव्हा चूकही आमची.

गोष्ट अशी. पृथ्वी तापू लागली म्हणून माणसांनी आकाशात एक रसायन सोडले, आणि थंडी इतकी वाढली की सारे जग गोठून गेले. वाचली ती फक्त एका गाडीतली माणसे. ही गाडी कधी थांबत नाही. वर्षात पृथ्वीला एक फेरी घालते आणि अशी सतरा वर्षे झाली आहेत. पुढच्या डब्यांतून बाग, मासे, शाळा, नाचगाणे. शेवटच्या डब्यात, जिथे खिडकीसुद्धा नाही, तिकिटाविना चढलेली माणसे एकावर एक निजतात आणि काळ्या वड्या खाऊन जगतात. एक दिवस पिवळ्या कोटातली बाई येते, टेप लावून लहान मुलांना मोजते आणि त्यांतली दोन घेऊन जाते. कुठे, ते कोणाला ठाऊक नाही. सर्वांत पुढे इंजिन, आणि इंजिनात गाडीचा मालक विलफर्ड. शेवटच्या डब्यातला कर्टिस नावाचा तरुण माणसे जमवतो आणि एकेक दार फोडीत इंजिनाकडे निघतो.

विहारात पहिला गलका झाला तो बुटाच्या प्रसंगाला. पोर नेले म्हणून चिडून एक बाप बूट फेकून मारतो. शिक्षा म्हणून त्याचा हात डब्याच्या भोकातून सात मिनिटे बाहेर गोठायला ठेवतात. तोवर मालकाची मंत्रीणबाई भाषण करते. तोच बूट त्या माणसाच्या डोक्यावर ठेवून ती समजावते की, डोक्याच्या वस्तूने डोक्यावर आणि पायाच्या वस्तूने पायात राहावे, त्यातच गाडीचे भले आहे.

पुतण्याला हे फारसे समजावून सांगावे लागलेच नाही. “अरे, हे तर पुरुषसूक्त!” आमच्या वस्तीतले एक निवृत्त एस.टी. कंडक्टर ओरडले. मुखातून कोण जन्मले आणि पायांतून कोण, ही ऋग्वेदातली वाटणी परमपूज्य बाबासाहेबांनी ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ सालच्या ग्रंथात आरंभीच तपासायला घेतली आहे. कोरियाच्या दिग्दर्शकाने ऋग्वेद वाचला असेल असे वाटत नाही. माणसांना खाली ठेवायचे झाले की जो तो आपल्या अंगाकडेच पाहून उदाहरण देतो, दुसरे काय!

पुतण्याचे म्हणणे असे की, ३१ जानेवारी १९२० च्या ‘मूकनायका’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली, तो मनोरा आडवा करून रुळांवर ठेवला की ही गाडी तयार होते. कंडक्टरांना हे पटले नाही. रेल्वेची बदनामी होते आहे असे त्यांना वाटले. हयात एस.टी.त गेली तरी रेल्वेविषयी त्यांना आदर. “रेल्वेनं तिकीट देताना जात विचारली नाही,” ते म्हणाले. “बाबासाहेब लहानपणी साताऱ्याहून मसूरला गाडीनंच गेले ना? १९०१ सालची गोष्ट. गाडीत काही त्रास झाला नाही. फलाटावर उतरले, स्टेशनमास्तरनं विचारपूस केली, महार म्हटल्यावर त्याचा चेहरा फिरला. मग बैलगाडीवाले नेईनात. दुप्पट भाडं दिलं तेव्हा एक तयार झाला, पण गाडी पोरांनीच हाकायची आणि हा आपला चालत येणार. गाडीत नव्हतं ते, फलाटावर होतं.” यावर कोणी काही बोलले नाही. आम्हांलाही त्यांचे म्हणणे निम्मे पटले.

बायकांचे लक्ष मात्र वेगळ्याच ठिकाणी होते. त्या काळ्या वड्या किड्यांच्या असतात हे उघड होते, तेव्हा तरुण मुलींनी तोंडे फिरविली. आमच्या आत्याने फिरविली नाही. आत्या पंचाहत्तरीची. बहात्तरच्या दुष्काळात तिने खडी फोडलेली, सुकडी आणि परदेशातून आलेला तांबडा मिलो खाऊन काढलेला. ती एवढेच म्हणाली, “काय हाय ते आमीपन इचारलं नव्हतं.”

आय.टी.आय. झालेल्या एका मुलाने विचारले, की सतरा वर्षे इंजिन चालेल एक वेळ, पण रुळांची देखभाल कोण करतो? ह्याला उत्तर नाही. त्या चित्रपटात गँगमनच नाही. एवढी समतेची गोष्ट सांगणाऱ्याला गँगमन आठवू नये याचे आम्हांला नवल वाटले.

आता शेवट. कर्टिसची माणसे वाटेत मरत जातात आणि इंजिनात तो एकटा पोचतो. मालक त्याला मारीत नाही. बसायला जागा देतो, ताट वाढतो, आणि सांगतो की बंड मीच होऊ दिले. गाडीत माणसे जास्त झाली की अधूनमधून बंड लागतेच. तुमच्या डब्यातला तो म्हातारा, ज्याला तू बाप मानतोस, तो माझ्याशी रात्री टेलिफोनवर बोलत असे. आता मी थकलो, इंजिन तू सांभाळ. कर्टिस डळमळतो. आम्हांला तर वाटले, बसला हा खुर्चीवर. इतक्यात योना नावाची मुलगी जमिनीवरची फळी उचकटते. खाली यंत्राच्या पोटात हरवलेले पोर बसलेले असते, हातांनी यंत्र साफ करीत. यंत्राचा जो भाग झिजून गेला तो आता मिळत नाही, आणि त्या जागेत फक्त लहान मूल मावते.

“म्हणून टेप!” मागून एक बाई म्हणाली. तिचा भाऊ मुंबईला गटारांच्या कंत्राटी कामावर होता. ती पुढे काही बोलली नाही, आम्हीही विचारले नाही. हाताने मैला साफ करून घेण्याला बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, त्याहून कडक असा दुसरा २०१३ साली, म्हणजे हा चित्रपट निघाला त्याच वर्षी. गटारात गुदमरून मेलेल्याच्या घरी दहा लाख द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले, २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली. रक्कम वाढवावी लागली, कारण माणसे अजून खाली उतरत होती.

कर्टिस आपला हात यंत्रात घालतो आणि पोराला बाहेर काढतो. हात जातो. पुतण्याने चित्रपट तिथे थांबविला आणि आत्या आमच्याकडे वळून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, म्हणाली, “तुलापन बोलावलं व्हतं की रं आत. खुर्ची दिली व्हती.”

हे सांगितलेच पाहिजे. पंधराएक वर्षांपूर्वी वस्तीच्या पाण्यासाठी आम्ही एका कार्यालयापुढे धरणे धरले होते. गावाची टाकी भरे, पाणी सगळीकडे फिरे आणि वस्तीच्या टोकाला येईपर्यंत नळातून नुसती हवा येई. काही घरांना तर नळच नव्हता. बाया रिकाम्या घागरी घेऊन तीन दिवस बसल्या, आत्या त्यांत पुढे. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्हांला एकट्याला आत बोलावले गेले. खुर्ची दिली, चहा दिला. तुमच्यासारखा शिकलेला, समजूतदार माणूस आम्हांला समितीवर हवा, असे म्हटले. ज्यांना नळ नाही त्यांची यादी करा, टप्प्याटप्प्याने करू, म्हटले. आम्ही बाहेर आलो आणि बायांना उठा म्हणालो. काम झाले, असेही म्हणालो. पाइप पडायला चार उन्हाळे गेले. आत चहाच्या वेळी काय बोलणे झाले ते आम्ही कोणालाच सांगितले नव्हते. फसवणूक करायची नव्हती. खरे सांगायचे तर, त्या खुर्चीत बसल्यावर आम्हांला बरे वाटले होते.

त्या रात्री आम्ही गप्प राहिलो. पुतण्याने सोमवारी रजा टाकली होती. वाचन संपल्यावर दुसऱ्या रात्री विषय पुन्हा निघाला. शेवटी स्फोट होतो, बर्फाचा कडा कोसळतो, गाडी रुळांवरून उलटते. योना आणि ते पोर, एवढे दोघेच बाहेर येताना दिसतात. पुतण्या म्हणाला, हाच खरा मार्ग. डबे जिंकून उपयोग नाही, गाडीतूनच बाहेर पडले पाहिजे, १९५६ साली आपण तेच केले. त्यावर शाळेत शिकविणाऱ्या एका ताईंनी त्याला अडविले. त्या म्हणाल्या, “बाबासाहेबांनी येवल्याला १९३५ साली सांगितलं आणि दीक्षा दिली १९५६ ला. एकवीस वर्षं लोकांची तयारी केली. नागपूरला गाडी उलटवली नाही, माणसं उतरवली. लाखो माणसं, एकही न मारता. ह्या चित्रपटात शेवटच्या डब्यातली म्हातारी, आया, सगळी मेली. त्यांना कोणी विचारलं होतं का?” हे मत आम्हांला सर्व मतांत मोलाचे वाटते.

कंडक्टर आमच्या बाजूने बोलायला गेले. खुर्चीवर बसणे हाच गुन्हा नव्हे. बाबासाहेबही केंद्रीय मंत्रिमंडळात होतेच, म्हणाले. मग स्वतःच थांबले. कारण पुढचे सर्वांनाच माहीत होते. हिंदू कोड बिल अडवून धरले तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली राजीनामा दिला.

तेव्हा आम्ही उठलो आणि पंधरा वर्षांपूर्वी त्या खोलीत जे झाले ते पहिल्यापासून सांगितले, चहासकट. लोक रागावतील अशी अपेक्षा होती. कोणी रागावले नाही, आणि ते अधिक जड गेले. टोमॅटोच्या तोडणीला जाणाऱ्या एका मुलीने, तेव्हा ती चार-पाच वर्षांची असेल, एवढेच विचारले, “ती यादी कुठंय?”

यादी आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत होती. जाऊन आणली. अकरा नावे. एकेक वाचत गेलो, तसे त्या घरचे कोणी ना कोणी “आला” म्हणत गेले. तीन नावांना कोणी आला म्हटले नाही. ती तीन घरे अजून शेजारच्या नळावर भरतात. त्यांचा अर्ज दुसऱ्या दिवशी त्या मुलीनेच लिहिला, सह्या सर्वांच्या घेतल्या, आणि तो द्यायला चौघीजणी गेल्या. आम्ही बरोबर गेलो, पण बाहेर थांबलो. पोच मिळाली आहे.

त्या रात्री परतताना सारे एकत्रच निघालो. आमच्या भागात बिबट्याच्या भीतीने पावसाळ्यात रात्रीचे कोणी एकटे हिंडत नाही. पुढे दोन बॅटऱ्या, मागे एक. चित्रपटाच्या शेवटी त्या दोन पोरांना बर्फात एक पांढरे अस्वल दिसते आणि चित्रपट संपतो. ते अस्वल त्यांना खाणार की काय, ह्यावर पोरांची वाटेत पैज लागली. त्यांनी आत्याला विचारले.

“खाईल नायतर न खाईल,” आत्या चिखलातून पाय उचलीत म्हणाली. “पन ते जित्तं हाय ना? सतरा वर्सं बाहीर काय खाऊन राह्यलं, ते बघा आधी.”