उघाडीपाशी मोजलेलं पाणी

खारेपाटात, म्हणजे खाडीला बांध घालून राखलेल्या भातशेतीत, काम सुरू करताना आमच्या मार्गदर्शक बाईंनी एकच अट घातली: नमुने तारखेने नाही, तिथीने घ्यायचे. अलिबाग-पेणच्या खाडीकाठी पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि भरतीची वेळ रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला सकाळी दहा वाजता बाटली बुडवली, तर एकदा समुद्राचं पाणी मोजलं जातं, एकदा शेतातून निघालेलं. त्या दोहोंची सरासरी काढून हाती काही लागत नाही. गावात याचा हिशेब तोंडपाठ होता. तिथीला तीनने गुणायचं, चारने भागायचं, की भरतीचा तास निघतो. अष्टमीला सहा. अमावास्येला सव्वाअकरा, म्हणजे उधाण ऐन दुपारी आणि मध्यरात्री. आमच्या वहीत तारखेशेजारी तिथीचा रकाना आला तो तेव्हापासून.

विद्यापीठात किनारासंरक्षण हा एक विषय आणि पाण्याची प्रत हा दुसरा. माझा दुसरा. पण खारेपाटात हे दोन्ही उघाडीपाशीच येऊन मिळतात. उघाडी म्हणजे बांधातली झडप. ओहोटीला आतलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं, भरतीला खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. ना वीज, ना पंप. झडपेची एक फळी कुजली, तरी दर भरतीला खारं पाणी नाल्यानाल्याने आत शिरतं. समुद्राच्या पाण्याची क्षारता मीटरवर 50 डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास दिसते. मातीच्या अर्काची 3 च्या पुढे गेली की भाताचं उत्पन्न घटू लागतं. या दोन आकड्यांमध्ये उभी असते ती फळी.

एका पावसाळ्यात, भात पोटरीत असताना, उधाणाने बांधाला खांड पाडली. आठवडाभरात शेतं पिवळी पडली. घरामागच्या तळ्यातली रोहू-कटला उलटी तरंगली; जिताडा तेवढा तगला, कारण तो मुळातच खाडीचा मासा. वेशीवरच्या विहिरीवर मी पृष्ठभागाचा नमुना घेत होते, तर एक आजी म्हणाल्या, “पोरी, वरचा पानी काय बगतेस, तलाचा घे.” दोर सोडून तळाशी मोजलं, तर मीटरचा आकडा वरच्याच्या कितीतरी पट. गोडं पाणी हलकं, ते खाऱ्यावर तरंगतं. कळशीने वरवर भरणाऱ्या बाईला ते अजून मिळत होतं, पंप लावणाऱ्याला खारंच. पाणी नेमकं कोणत्या खोलीवर मोजलं हे न लिहिणारा अहवाल मी तेव्हापासून गांभीर्याने घेत नाही.

दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल केंद्राने खार सोसणारी भाताची वाणं दिली आहेत, आणि ती खारेपाटाला खरोखर उपयोगी आहेत. पण तीही खार सोसतात, समुद्र नाही. खांड वेळेवर बुजली नाही तर पुढच्या पावसाने माती धुऊन निघत नाही, शेत पडीक राहतं आणि त्यात तिवरं उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालाने कांदळवनाला कडक संरक्षण दिलं. ते योग्यच आहे. बांधाबाहेरची तिवरं नसती तर लाटांनी बांध कधीच खाल्ले असते. मात्र बांधाच्या आत, सातबारावरच्या भातशेतीत उगवलेलं तिवर हा दुरुस्ती न झाल्याचा पुरावा आहे. नकाशावर दोन्ही एकाच हिरव्या रंगात दाखवले की शेतकऱ्याची जमीन न विकता, न विचारता जाते. हे मला अन्याय्य वाटतं, आणि ते मी प्रत्येक सादरीकरणात सांगते.

पूर्वी गावकरी जोळ करून, म्हणजे घरटी माणूस देऊन, बांध राखत. आज मंजुरी, निविदा आणि पावसाळा यांची शर्यत असते, आणि पावसाळा बहुतेकदा आधी पोचतो.

खाडीकाठच्या ग्रामपंचायतींना माझी विनंती आहे. मे महिन्यातल्या उधाणाआधी प्रत्येक उघाडीची झडप उघडझाप करून पाहा. हातात मावणारा क्षारता-मीटर घ्या, विहिरीचं पाणी वर आणि तळाशी मोजा, आणि आकडा तिथीसह शाळेच्या फळ्यावर लिहा. आम्हा विद्यापीठवाल्यांकडे तुमच्या गावाचे आकडे पडून असतील, तर ते हक्काने मागून घ्या.