काउंटरजवळचं स्टूल

शनिवार, रात्री उशिरा.

कोरेगाव पार्कात घराजवळच्या बिअर-पिझ्झाच्या बारमध्ये आज पाय ठेवायला जागा नव्हती. बऱ्याच वेळाने काउंटरजवळचं स्टूल मिळालं, आणि मला तीच जागा सर्वांत आवडते. काचेपलीकडे स्टीलच्या टाक्या, डावीकडे पिझ्झाची भट्टी.

गव्हाची बिअर मागवली. सोनेरी, किंचित गढूळ, वर बोटभर फेस. ग्लास नाकाशी नेला की आधी पिकल्या केळ्याचा वास येतो, मागून लवंगेचा. आत ना केळं, ना लवंग. ही सगळी यीस्टची करामत! भट्टी चारशे अंशांच्या वर तापलेली, त्यामुळे पिझ्झा दोनेक मिनिटांत फुगतो आणि कडेला काळे ठिपके उमटतात. तो गरम असतानाच खावा.

2009 मध्ये पुण्यात डूलाली सुरू झाली, ती देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. तेव्हापासून या शहराने ताज्या बिअरची चव मनापासून जपली, याचा मला अभिमान वाटतो.

शेजारच्या टेबलावर तिघी मैत्रिणी निवांत बोलत बसल्या होत्या. कुणी त्यांच्याकडे वळूनही पाहिलं नाही. फार बरं वाटलं.

तुम्ही गेलात तर गाडी घरीच ठेवा, रिक्षाने जा.