वाटणीत उरलेले पोते

घरची वाटणी म्हटली की सोने, जमीन आणि पितळ यांचाच विचार होतो. 2019 साली आमचा बारामतीचा वाडा विकला गेला, तेव्हा भांड्यांची वाटणीही अशीच झाली. हंडे, घंगाळी, ताम्हने, समया एका दुपारात मार्गी लागल्या. मागे उरले ते एक पोते. त्यात बिडाचे आप्पेपात्र, बिडाचाच जड तवा, पितळी सोऱ्या, करंज्यांचे कातणे, सांडशी, मोदकपात्राची जाळी असा माल होता. तो मोडीत घालावा, असे सर्वांचे मत पडले. थोरल्या जाऊबाई मात्र काही बोलल्या नाहीत. त्यांचीही वाटणी त्याच दिवशी झाली होती: सहा महिने इंदापुरास आमच्याकडे आणि सहा महिने पुण्यास मुलाकडे.

पुतण्याने हौसेने वाड्यात पाठवलेला विजेचा ओव्हन पुण्याच्या घरी नको होता, कारण तेथे एक होताच. तोही आमच्याकडे आला. एकाच टेम्पोतून ओव्हन, पोते आणि जाऊबाई इंदापुरास उतरल्या.

ज्या बाईने पन्नास वर्षे पंचवीस पानांचा स्वयंपाक पाहिला, ती आमच्या ओट्यापाशी पाहुणीसारखी उभी राहून "मी काय करू?" असे विचारी. आम्ही आदराने "तुम्ही बसा" म्हणत असू. तो आदर त्यांना किती बोचत असेल, हे तेव्हा आमच्या ध्यानात आले नाही.

ओव्हनसाठी लागणाऱ्या सामानाची यादी पुण्याच्या सूनबाईंनी आम्हांस उत्साहाने लिहून पाठवली होती. तऱ्हेतऱ्हेचे साचे, जाळ्या, भाजण्याचा दगड, उष्णतामापक! त्या यादीची बेरीज केली आणि ती देवघराच्या फडताळात ठेवून दिली. घरात भांडी का थोडी आहेत, असे म्हणून वाटणीत आलेले कल्हईचे पितळी ताट आम्ही तूप लावून भट्टीत सारले आणि काटा 250 अंशांवर नेला. थोड्या वेळाने पाहतो तो ताटाची चकाकी जागोजाग गोळा होऊन तिचे मणी झालेले, आणि मधून पिवळे पितळ उघडे पडलेले!

जाऊबाई दारातून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, कल्हईवाला भांडे तापवूनच कथील फिरवतो ना? तापल्यावर चढते ते तापल्यावर उतरणारच."

शास्त्र याहून वेगळे सांगत नाही. कथील सुमारे 232 अंश सेल्सिअसला वितळते. उघड्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, हे तर प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तेव्हापासून कल्हईचे भांडे आम्ही भट्टीच्या वाऱ्यासही उभे करीत नाही.

पण त्या दिवसाची खरी गोष्ट पुढेच आहे. जाऊबाईंनी पदर खोचला आणि पोते सोडले.

त्यांच्या सासूबाईंच्या अमदानीत बेकरीची वस्तू घरात येत नसे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटांच्या प्रकरणावरून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य झाले, त्याचा धसका आमच्या घरी कित्येक वर्षे टिकून होता म्हणा ना! (जिभेला मात्र ग्रामण्य कळत नाही.) म्हणून नानकटाई घरीच होई. पसरट पातेल्यात दोन बोटे वाळू, तीवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. खालचा विस्तव मंद, वरचा थोडा अधिक. घड्याळाकडे कोणी पाहत नसे. दोन वेळा सावकाश रामरक्षा म्हणून झाली की झाकण काढायचे. आम्ही पुढे घड्याळ लावून पाहिले, ती वीस मिनिटे भरली.

ही बाई भट्टीपुढे अडाणी कशी ठरणार? दार किंचित उघडून त्यांनी हात धरला आणि म्हणाल्या, "ही बोलते त्याहून जास्त तापते." आम्हांस ते खरे वाटले नाही. काटा 160 अंश दाखवीत होता आणि नानकटाईस तेवढीच आच हवी, असे पुस्तकात होते. पहिला घाणा खालून काळा झाला.

तेव्हा शाळेत जाणाऱ्या नातवाने एक युक्ती काढली. साखर साधारण 186 अंशांना वितळते. मग साखरेलाच विचारावे. उसाच्या मुलखात साखरेस तोटा नाही. लहान वाटीत चमचाभर दाणेदार साखर घालून आम्ही काटा थोडा थोडा पुढे नेत गेलो व प्रत्येक वेळी पाव तास थांबलो. साखरेने 170 च्या खुणेवरच पाझर सोडला. म्हणजे आमची भट्टी सुमारे पंधरा अंश खोटे बोलत होती. जाऊबाईंच्या तळहातास ते आधीच कळले होते. आम्ही दारावर कागदाची पट्टी चिकटवून खऱ्या खुणा लिहिल्या. उष्णतामापक यादीतून गेला.

मग एकेक ओळ गळू लागली. सोऱ्यात चांदणीची चकती घालून नानकटाईचेच पीठ जरा सैल मळून दाबले, तर बाजारात मिळणाऱ्यासारखी नक्षीदार बिस्किटे थेट थाळीत पडली. रवा मात्र त्यात घालू नये. चकतीत अडकून कडा फाटतात. खाऱ्या शंकरपाळ्यांच्या कडा कातण्याने कातल्या. मोदकपात्राची जाळी चार वाट्यांवर ठेवली की भाजलेला जिन्नस निववण्यास उत्तम. खालून वाफ निघून जाते व बूड ओले होत नाही. बिडाचा तवा उपडा घालून अर्धा तास तापवला, तर पावाच्या लादीला खालून तो खमंगपणा येतो की दगडाची आठवण राहू नये. बीड सावकाश तापते, पण एकदा तापले की उष्णता धरून ठेवते.

आप्पेपात्राचे कौतुक किती करावे! लाकडी मूठ काढून ते आधी भट्टीत तापवायचे, प्रत्येक खळग्यात थेंबभर तूप सोडायचे आणि कणीक, दही, बारामतीचा गूळ, वेलदोडा यांचे सैल मिश्रण ओतायचे. कड कुरकुरीत, आत जाळी! मुलांनी त्यास नावही ठेवले नाही, इतक्या वेगाने ते संपतात.

इडलीच्या वाट्या व स्टीलच्या थाळ्या यांचा अनुभव मात्र मध्यम आहे. ॲल्युमिनियम हे स्टेनलेस स्टीलपेक्षा दहापटींहून अधिक चांगले उष्णतावाहक. म्हणून ढोकळ्याची जुनी ॲल्युमिनियमची थाळी सर्वत्र सारखी भाजते आणि चकचकीत स्टीलची थाळी कडेला करपून मध्ये कच्ची राहते. प्लास्टिकच्या मुठीची चाळण आत ठेवण्याचा पराक्रम आमच्याच घरी झाला. तो कोणी केला, हे येथे सांगत नाही.

सहा महिने संपले. "मी काय करू?" हा प्रश्न केव्हा बंद झाला, ते आम्हांस नेमके आठवत नाही, उलट "लोणी बाहेर काढून ठेवलेस का?" असे त्याच विचारू लागल्या होत्या. पुतण्या त्यांना न्यावयास आला तेव्हा पोत्याची दुसरी वाटणी झाली, आणि या खेपेस बरीच घासाघीस झाली. सूनबाईंना आप्पेपात्र हवे होते. आम्ही दिले नाही. सोऱ्या कोणालाच मिळाला नाही. तो जाऊबाईंनी स्वतःच्या ट्रंकेत, नऊवारीच्या घडीत ठेवला.

आठ दिवसांनी पुण्याहून त्यांचा फोन आला. तिकडची भट्टी वीस अंश कमी तापते, साखरेने सांगितले. आणि कातणे तुमच्याकडेच राहिले आहे, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर धाडून द्यावे.